डाव्या हातातला गंधार

तानपुऱ्याला तारा चार. पहिली बहुतेक वेळा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, चौथी खर्जाची. गंधाराची तार कुठेच नाही. तरीही जवारी नीट लागलेली असेल तर खर्ज छेडला की वर कुठेतरी गंधार वाजायला लागतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा काही कानाचा भास नाही. तो खर्जाच्या तारेतच असतो आणि मोजताही येतो. पियानोवर किंवा घरातल्या कीबोर्डवर कॉर्ड कशी मांडावी, याचं बरंचसं उत्तर त्याच्यापाशी आहे.

चऱ्होलीत हा विषय काढायला कारण आहे. वाघेश्वराचं हे इंद्रायणीकाठचं गाव आळंदीचं शेजारी. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. पण वीणा, पखवाज, टाळ यांचा मेळ या पट्ट्याच्या कानात त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे, आणि पेटीही आता त्यातलीच झाली आहे. पुढे १९९७ मध्ये चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, शेतांच्या जागी टॉवर उभे राहत गेले, आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या घरांमध्ये मुलांसाठी एकसष्ट पट्ट्यांचे कीबोर्ड आले. अशा सोसायट्यांत एका मजल्यावर गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेची तयारी चालते, तर वरच्या मजल्यावर ट्रिनिटीच्या ग्रेडची. गणपतीत ही सगळी मुलं एकत्र वाजवायला बसतात. कीबोर्डवाला पेटीखाली कॉर्ड धरतो आणि एकदम सगळं गढूळ होतं. त्याचे स्वर बरोबर असतात, तालही चुकलेला नसतो. चुकलेली असते ती कॉर्डची जागा.

आता तारेकडे वळू. तार छेडली की ती पूर्ण लांबीने तर थरथरतेच, पण त्याच वेळी दोन सारख्या भागांत, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांतही थरथरत असते. प्रत्येक भागाचा आपला वेगळा स्वर. हेच उपस्वर. एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डवरची सगळ्यात डावीकडची पट्टी म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक. तिची कंपनं सेकंदाला सुमारे ६५.४. तिला सा मानलं तर दुसरा उपस्वर १३०.८ वर, म्हणजे वरचा सा. तिसरा १९६.२ वर, तो पंचम. चौथा २६१.६ वर पुन्हा सा. पाचवा ३२७ वर, आणि हाच तो स्वयंभू गंधार. सहावा ३९२.४ वर पंचम, सातवा ४५७.८ वर काहीसा उतरलेला कोमल निषाद, आठवा ५२३.३ वर परत सा. त्याच्याही वर गेलात तर नववा रे, दहावा ग, बारावा प. सा, रे, ग, प एवढे स्वर एकाच तारेतून मिळाले. भूपाला धैवत तेवढा बाहेरून आणावा लागतो. आठव्यापासून चौदाव्यापर्यंतचे स्वर सलग मांडले तर तीव्र मध्यम आणि कोमल निषादाचा वाचस्पती डोकावतो. अर्थात अकरावा उपस्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोबर मधोमध पडतो आणि तेरावाही कुठल्याच धैवतावर नीट बसत नाही, त्यामुळे हे साम्य फार ताणू नये. राग माणसांनी घडवले आहेत, तारेने नाहीत.

सगळ्याच तारांमध्ये हे उपस्वर असतात, मग तानपुऱ्यातच ते एवढे उघड का ऐकू येतात? चंद्रशेखर वेंकट रामन यांना कोलकात्यात हाच प्रश्न पडला होता. युरोपातल्या भौतिकशास्त्राचा जुना नियम असा, की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वराचं कंपन शून्य असतं तो उपस्वर वाजत नाही. १९२१ मध्ये रामन यांनी दाखवलं की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते. थरथरणारी तार तिच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि त्या स्पर्शातून वरच्या उपस्वरांना सतत नवी ऊर्जा मिळत राहते. तारेखाली सरकवलेला दोरा ही जागा नेमकी ठरवतो. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जवारी काढतात ती याच जागेसाठी. त्याआधीच्या वर्षी, १९२० मध्ये, रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर मृदंग-तबल्याच्या शाईचं कामही उलगडून दाखवलं होतं. साध्या चामड्याचे उपस्वर बेसूर असतात. शाईच्या थराने त्यातले पहिले काही सुरात येतात. पखवाज षड्जाला लावता येतो तो त्यामुळे. टाळांना असली सोय नाही. त्यांचे उपस्वर कुठल्याच क्रमात बसत नाहीत. म्हणून भजनात टाळ सुराचं काम करत नाहीत, ते लय आणि तेज देतात.

तारेचे उपस्वर ही युरोपातही जुनी ओळख. मर्सेन यांनी १६३६ मध्ये त्यांची नोंद केली, रामो यांनी १७२२ मध्ये कॉर्डचं शास्त्र मांडलं आणि पुढे त्याचा पाया उपस्वरांमध्ये शोधला. पण गढूळ कॉर्ड गढूळ का, याचं नीट उत्तर १८६३ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी दिलं. जवळजवळचे दोन स्वर एकत्र वाजले की आवाज कमी-जास्त होत हेलकावतो. सेकंदाला दोन-तीन हेलकावे कानाला गोड लागतात, वीस-तीस झाले की ते खरखरीत होतात. डच संशोधक प्लोम्प आणि लेव्हेल्ट यांनी १९६५ मध्ये याला आकड्यांत बसवलं. कान जवळच्या कंपनांना एका ठरावीक पट्ट्यात धरतो. खालच्या स्वरांसाठी हा पट्टा साधारण १०० कंपनांचा असतो, आणि दोन स्वरांमधलं अंतर त्या पट्ट्याच्या पाव भागाएवढं असलं की खरखर सर्वांत जास्त.

आता आपल्या मुलाची कॉर्ड तपासू. पुस्तकात लिहिलेलं असतं: सी मेजर म्हणजे पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच. म्हणजे सा, ग, प. मुलगा डाव्या हाताने ती अगदी खालच्या सप्तकात धरतो, कारण तिथे आवाज भारदस्त येईल असं त्याला वाटतं. सा ६५.४ वर, ग ८२.४ वर, प ९८ वर. शेजारच्या स्वरांमधली अंतरं १७ आणि साडेपंधरा कंपनांची, म्हणजे खरखरीच्या बरोबर तावडीत. एवढ्यावर भागत नाही. खालच्या गंधाराचा तिसरा उपस्वर २४७ वर येतो, तो निषाद. षड्जाचा चौथा २६१.६ वर, तो सा. पंचमाचा तिसरा २९४ वर, तो रिषभ. म्हणजे मुलाने वाजवले सा-ग-प, आणि गळ्याच्या मध्य सप्तकात, जिथे आई भजन म्हणते आहे नेमकं तिथे, नि, सा आणि रे एकमेकांवर घासू लागले. तिन्ही कंपनं जोरकस, कारण खालच्या स्वरांचे पहिले काही उपस्वर बलवान असतात. गढूळपणा येतो तो इथून.

हेच स्वर तारेच्या क्रमाने लावून बघा. डाव्या हातात सगळ्यात खालची पांढरी एक आणि तिच्या वरची पांढरी एक. उजव्या हातात त्यावरची पांढरी पाच, मग पांढरी एक, मग पांढरी तीन. म्हणजे सा, सा, प, सा, ग: उपस्वरांचे पहिले पाच क्रमांक, जसेच्या तसे. खाली स्वरांमध्ये मोठ्या फटी, वर जाताना त्या लहान होत जातात. आता खालच्या षड्जाचे उपस्वर वरच्या पट्ट्यांच्या स्वरांवर येऊन बसतात आणि त्यांना उचलून धरतात. पंचमाची पट्टी १९६ वर, षड्जाचा तिसरा उपस्वर १९६.२ वर, हेलकावा पाच सेकंदांत एखादाच. लहान हाताला डावीकडचं पूर्ण सप्तक पोचत नसेल तर वरचा सा सोडून द्यावा. एकटा खालचा सा पुरतो, कारण वरचा सा त्याच्या पोटात आहेच.

यातून स्वर किती वेळा घ्यावेत हेही सहज कळतं. पहिल्या सहा उपस्वरांत सा तीनदा येतो, प दोनदा, ग एकदाच. कॉर्ड भरायची असेल तर सा वाढवा, मग प. गंधार एकच ठेवा आणि वर ठेवा. नवशिके बरोबर उलटं करतात. दोन्ही हातांत सा-ग-प धरतात आणि गंधार दोन ठिकाणी ठणठणतो. अंदाजासाठी एक मर्यादा सांगतो: एकसष्ट पट्ट्यांवर डावीकडून दुसऱ्या पांढऱ्या एकच्या खाली सा आणि ग शेजारी-शेजारी ठेवू नयेत. खाली सा-प चालेल, सा-सा उत्तम. गायिकेची पट्टी काळी एक असो की पांढरी चार, षड्ज सरकेल, मांडणी तीच राहील. आणि हे सगळं कीबोर्डची ऑटो-कॉर्ड बंद असताना. ती चालू असेल तर डावा हात फक्त कॉर्डचं नाव सांगत असतो, मांडणी आतला कारखान्यातून आलेला साचा ठरवतो.

शोपँच्या नॉक्टर्नमध्ये डावा हात अनेकदा हेच करतो. खालचा सा एकटा, मग पंचम, मग दूर वरचा गंधार, आणि पेडल दाबलेलं असल्यामुळे तिघे एकत्र झुलतात. आपल्याकडे मुंबईच्या सिनेसंगीतात कॉर्ड आणली ती प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी. ऑर्केस्ट्रात बास खाली एकटा ठेवायचा आणि गंधार व्हायोलिनकडे वर द्यायचा, ही तिथलीही रीत आहे.

कॉर्ड उलटी केली तर काय होतं, हेही याच हिशेबाने सांगता येतं. सगळ्यात खाली गंधार ठेवला तर त्या गंधाराचा स्वतःचा पाचवा उपस्वर ४१२ वर येतो. षड्जाच्या हिशेबाने तो कोमल धैवत, आणि तो ३९२ वरच्या पंचमाशी भांडतो. म्हणून ही कॉर्ड जाता जाता छान वाटते, मुक्कामाला नाही. खाली पंचम ठेवला तर त्याच्या उपस्वरांतून निषाद आणि रिषभ डोकं वर काढतात. ऐकणाऱ्याला वाटतं की आता कुठेतरी जायचं आहे. युरोपीय संगीतात समेवर येण्याआधी ही उलट कॉर्ड वापरतात ती त्यासाठीच.

आता या गोष्टीतला अवघड भाग. कीबोर्डचा गंधार खरा गंधार नाही. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तारेतला गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो आणि कीबोर्डचा ४०० वर. १४ सेंट चढा. पंचम मात्र दोन सेंटच कमी, त्याबद्दल तक्रार नाही. आपल्या मांडणीत वरचा गंधार ३२९.६ वर वाजतो आणि खालच्या षड्जाचा पाचवा उपस्वर ३२७ वर, म्हणजे सेकंदाला अडीच-तीन हेलकावे. खऱ्या पियानोवर हे खपून जातं. स्वर लगेच विरू लागतो. शिवाय पियानोची जाड पोलादी तार ताठ असल्यामुळे तिचे उपस्वर हिशेबापेक्षा किंचित चढेच निघतात आणि तेवढं अंतर भरून येतं. पेटीची गोष्ट वेगळी. तिचा स्वर भाता चालू असेपर्यंत टिकतो, पितळी पत्तीच्या आवाजात वरचे उपस्वर भरपूर असतात, आणि सप्तक वर गेलं की हेलकावे दुप्पट होतात. तयार कानाला पेटीचा गंधार टोचतो तो उगाच नाही.

या टोचण्यावर महाराष्ट्रात फार गंभीरपणे काम झालेलं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी गवयांचे स्वर मोजून १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँ यांचं गाणं त्यांच्या या कामाचा मोठा आधार. न्यायखात्यातले आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि दोघांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जमलेल्या जाणकारांनी मान्य केली नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीलाच दार बंद केलं आणि १९७१ पर्यंत ते उघडलं नाही. माझ्या मते बंदी हा उपाय चुकीचा होता, तक्रार मात्र खरी होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. तिच्यात सा आणि प सोडून प्रत्येक पट्टीला खटका आहे आणि तो ओढला की त्याच स्वराची दुसरी श्रुती मिळते.

चऱ्होलीतल्या मुलाला एवढं काही करावं लागत नाही. बऱ्याच कीबोर्डमध्ये प्रत्येक स्वर थोडा चढवण्या-उतरवण्याची सोय असते, स्केल ट्यूनिंग नावाची. गंधार १४ सेंट उतरवा, धैवत १६, निषाद १२. रिषभ चार सेंट चढवा, पंचम दोन. मग सा-प-सा-ग धरा. हेलकावे थांबतात आणि कॉर्ड एकसंध होते. ट्रिनिटीच्या तुकड्यांना मात्र ही जुळणी लावू नका. त्या तुकड्यांत कॉर्ड बदलत राहतात, आणि या जुळणीत रे-धची जोडी तब्बल २२ सेंट तोकडी पडते. रिषभावरची कॉर्ड ऐकवत नाही. युरोपने बारा सारखे भाग पत्करले ते याचसाठी: कुठलीच कॉर्ड पूर्ण शुद्ध नको, पण कुठल्याही षड्जावर जाता आलं पाहिजे. आपल्या भजनाला ती गरजच नाही. तासभर षड्ज एकाच जागी असतो, त्यामुळे पाश्चात्त्य वादकाला न परवडणारी चैन आपल्याला फुकट मिळते. ती फारसं कुणी घेत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

खरा पियानो कुठे हाताशी आला तर एक प्रयोग जरूर करावा. मधली पांढरी एक आवाज न होईल इतक्या हळू दाबून धरा, म्हणजे तिच्या तारा मोकळ्या राहतील. मग तिच्या एक सप्तक खालची पांढरी एक जोरात वाजवून लगेच सोडा. खालचा स्वर बंद होतो आणि न वाजवलेला वरचा सा गात राहतो. तसंच वरचा पंचम दाबून बघा, मग त्याच्याही वरचा गंधार. पंचम स्पष्ट बोलतो, गंधार जरा चाचरत, कारण तो १४ सेंट बाजूला आहे. पट्टी अर्धा स्वर सरकवलीत तर जवळजवळ काहीच नाही. पेडल दाबल्यावर पियानो भरून येतो त्यामागे हाच व्यवहार सगळ्या तारांमध्ये चालू असतो. मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळाच्या तारा जोडून तिला संवादिनी केलं, त्यातही हीच ओढ होती. साध्या कीबोर्डवर मात्र हा प्रयोग होत नाही. तिथे मोकळी सुटायला तारच नसते.

शेवटी कोमल स्वर, कारण इथे तार आपल्या बाजूने नाही. मायनर कॉर्डमधला कोमल गंधार खालच्या षड्जाच्या पहिल्या सोळा उपस्वरांत कुठेच सापडत नाही. त्याची पट्टी ३११ वर, आणि षड्जाचा स्वयंभू शुद्ध गंधार ३२७ वर तसाच वाजत असतो. सोळा कंपनांचं अंतर, म्हणजे पुन्हा खरखर. मायनर कॉर्ड उदास का वाटते याचं कारण म्हणून काही जण हेच सांगतात. मला ते पटत नाही. उदासी ही सवयीची आणि संस्काराची गोष्ट जास्त आहे. पण युरोपातले जुने संगीतकार मायनर रचनेचा शेवट पुष्कळदा मेजर कॉर्डवर करत, तेव्हा त्यांच्या कानाला ही घासाघीस जाणवत असणार.

भजनाचा, मैफलीचा शेवट भैरवीने होतो आणि तिथे चार स्वर कोमल. अशा वेळी कीबोर्डवाल्याने मायनर कॉर्ड शोधत बसू नये. डाव्या हातात खालचा सा हलक्या वजनाने, त्याच्या वरच्या सप्तकातला प, आणि बस्स. खालचा सा जितका जोरात तितका त्यातला शुद्ध गंधार मोठा, म्हणून इथे जोर नको, आणि फार वेळ दाबून ठेवणंही नको. कोमल गंधार उजव्या हाताने, एकेरी, गाण्याबरोबर घ्यावा. अंतऱ्यात मध्यमावर मुक्काम असेल तेव्हा पंचम सोडून सा-म धरावा: मध्यम खाली, सा वर, कारण सा हा मध्यमाचा तिसरा उपस्वर आहे आणि तो आपोआप बसतो.